परातीतले पाणी आणि मोहोड सर

मोहोड सरांची आणि माझी पहिली गाठ पडली ती माझ्या लबाडीवरून. अमरावतीच्या कॉलेजात मी इंटर सायन्सला होतो आणि सर आमचे पदार्थविज्ञानाचे प्रात्यक्षिक घेत. लोलकाची आंदोलने मोजायची होती. मला लवकर बाहेर पडायचे होते (कुठे, ते पुढे येईलच), म्हणून मी घड्याळाकडे न बघताच दहा आकडे ओळीने मांडले आणि वही सरांपुढे सरकवली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, आकडे दोनदा वाचले आणि म्हणाले, "मधुकर, हा लोलक फारच आज्ञाधारक दिसतो. मला तर आजवर असा एकही भेटला नाही." सगळी बॅच हसली. मी तापलो. तापायला मला वेळ लागत नाही, हे अमरावती आणि अकोला या दोन्ही गावांतल्या पुष्कळांना ठाऊक आहे. सर मात्र हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवले, स्वतः शेजारी स्टूल ओढून बसले, आणि जे काय वेडेवाकडे आकडे आले ते माझ्याकडून लिहवून घेतले. "आता खाली सही कर अन् तारीख घाल," म्हणाले. "चुकलं तरी चालेल. पण कोणी पाहिलं, ते कागदावर असलं पाहिजे."

श्री. केशवराव मोहोड यांना साठ वर्षे झाल्याबद्दल निघालेल्या या गौरवग्रंथात सरांच्या विद्वत्तेवर लिहिणारे पदवीधर पुष्कळ आहेत. मी कॉलेज अर्ध्यावर सोडलेला माणूस. अकोल्यात रेडिओ दुरुस्त करतो. तेव्हा विद्वत्तेच्या वाटेला न जाता मी सरांचे तीन दिवस सांगतो. ते तीन दिवस माझ्या एका मूर्खपणामुळे त्यांच्या वाट्याला आले होते.

बासष्ट सालच्या पौषात मकर राशीत तीन दिवस अष्टग्रही होणार म्हणून सगळ्या वऱ्हाडाने जो धसका घेतला होता, तो वाचकांच्या अजून स्मरणात असेल. पृथ्वी हादरेल, पक्की घरे आधी पडतील, असे जो तो सांगत होता. होस्टेलची पोरे गावी निघून गेली. ज्यांची शेते होती त्यांनी शेतात मांडव घातले. यज्ञाच्या धुराने डोळे चुरचुरत. सरांनी वर्गात खडूने आकाश काढून दाखवले: या आठांत सूर्य-चंद्रही धरलेले आहेत, केतू नावाचा गोळा तर आकाशात नाहीच, आणि बाकीचे ग्रह एका दिशेला दिसले तरी एकमेकांपासून कोट्यवधी मैलांवर आहेत. मला ते पटले होते. तरीही खरे सांगायचे तर संध्याकाळी खोलीवर परतताना मी पक्क्या घरांच्या भिंती टाळून रस्त्याच्या मधून चालायचो. आणि स्वतःच्या भीतीचा राग मी दुसऱ्यांच्या भीतीवर काढला.

आमच्याकडे मृत्यूची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा एक कोपरा फाडतात. असे कार्ड कोणी घरात ठेवत नाही. दारातच वाचायचे आणि फाडून टाकायचे. मी सात कार्डे आणली, सातांचे कोपरे फाडले आणि लिहिले: "आमच्या मातोश्री पृथ्वीबाई अष्टग्रहीच्या योगाने वारणार आहेत. तेरवीला अगत्य येणे." खाली सही केली नाही. यज्ञाला वर्गणी देणाऱ्यांचे एक हँडबिल निघाले होते, त्यातली गावोगावची सात नावे-पत्ते उतरवून कार्डे पेटीत टाकली आणि मोठा पराक्रम केल्यासारखा भजी खायला गेलो.

त्यातले एक कार्ड अकोल्याच्या शेषरावजींना गेले. शेषरावजींची थोरली मुलगी अमरावतीला दिलेली. तिला आठवा महिना होता आणि रक्तस्राव होऊ लागला म्हणून ती इथल्या बायकांच्या दवाखान्यात होती. धाकटी मुलगी तिच्या सोबतीला आलेली होती. ही धाकटी म्हणजेच, लोलकाच्या तासाला मला जिथे जायची घाई होती, ते कारण. बहिणीच्या सासरचे घर माझ्या खोलीसमोर होते. तिला मी तीन पत्रे पाठवली होती आणि तिन्हींवर सही नव्हती. तिच्या वडिलांचे नाव मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर हात थांबला असता, असे मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिले आहे.

कार्ड आले तेव्हा शेषरावजी बाजारात होते. घरात त्यांच्या पत्नी होत्या आणि त्यांना वाचता येत नव्हते. पण फाटका कोपरा वाचायला अक्षर लागत नाही. अमरावतीहून आले एवढे पोस्टमनने सांगितले आणि माउली उंबऱ्यातच कोसळली. शेषरावजी घरी आले ते रडण्याच्या आवाजातच. कार्ड खिशात कोंबून मिळेल त्या गाडीत बसले, आणि मूर्तिजापूर गेल्यावर कुठे त्यांनी ते वाचले. लेकीचे नाव त्यात नव्हते, तरी धसका गेला नाही.

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो. लिंबे द्यायच्या निमित्ताने गेलो होतो. शेषरावजी आत शिरले, मुलीला जिवंत पाहिले, तिच्या पायाशी बसून दोन मिनिटे पोरासारखे रडले, आणि उठून गरजले, "दमणी जुंपा! आजच्या आज नांदगाव खंडेश्वरच्या वावरात नेतो तिले. जित्या लेकीचं फाटकं कार्ड आलं माह्या दारात, याहून इशारा काय पाहिजे?"

डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. पेशंटला कुशीवरसुद्धा वळवायचे नाही, बैलगाडीचे धक्के बसले तर आई आणि मूल दोन्ही जातील, असे स्वच्छ सांगितले.

"अन् छत पडलं त?" शेषरावजी म्हणाले. "त कोण वाचवन? तुमी?"

त्यांनी फेकलेले कार्ड धाकटीने उचलले. वाचले. मग माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "अक्षर वळखीचं हाय." एवढेच. वडिलांना ती काही बोलली नाही. मी तिथून जो सुटलो तो थेट सरांच्या घरी.

सर ओसरीवर कापसाच्या वाती वळत होते. सौ. काकूंचे हात दुखत म्हणून ते काम सर करीत. मी सगळे सांगितले. ते ओरडतील म्हणून मी खांदे आवळून बसलो होतो. सरांनी फक्त विचारले, "सही केली होती?"

"नाही."

"मग आता चल, करू."

सरांनी स्वयंपाकघरातून पितळी परात मागून घेतली, काखेत मारली आणि आम्ही निघालो.

दवाखान्याच्या फाटकाशी व्याह्यांची दमणी बैल जुंपून उभी होती. सर शेषरावजींपुढे जाऊन वाकले. "माझ्या विद्यार्थ्यानं ते कार्ड टाकलं. म्हणजे मीच टाकलं. माफी मागाले आलो." मी पुढे होऊन नाव सांगितले. शेषरावजींनी माझ्या कानाखाली जी दिली, तिच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. मग ते सरांकडे वळले, "मास्तर, तुमचं इग्यान तुमच्याजवळ ठेवा. या पोट्ट्यानं शिकलं तेच न ते? दुसऱ्याच्या जिवावर हसाचं?"

या वाक्यावर सरांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. वर्गातले ग्रहांचे चित्र त्यांनी काढले नाही. कोट्यवधी मैलांचे नावही घेतले नाही. म्हणाले, "भाऊ, माह्यावर इस्वास ठेवा असं मी म्हनतच नाही. तुमी स्वतः पाहा." लेकीची खाट दाराशीच होती. सरांनी परात तिच्याजवळ व्हरांड्याच्या फरशीवर ठेवली, काठोकाठ पाणी भरले आणि वरून चिमूटभर हळद भुरभुरवली. "धरती हालन त पहिले हे पानी हालते. हळद सरकली का मले हाक मारा. खाट मी सोता उचलतो. तवरोक लेकीले हालवू नका."

"अन् तुमी कुठी असान तवा? घरी?"

"इथंच." सरांनी खुर्ची ओढली आणि बरोबर तुळईखाली मांडली. "छत पडलंच, त पहिले माह्या डोक्शावर पडन."

शेषरावजी कितीतरी वेळ त्या तुळईकडे पाहत राहिले. मग बाहेर जाऊन त्यांनी बैल सोडायला सांगितले. पण दमणी हलवू दिली नाही.

तिन्ही दिवस सर त्या खुर्चीत होते. काकू डबा पाठवीत. शेषरावजी परातीशी मांडी घालून बसत आणि पाण्यावरची नजर काढत नसत. जेवतानासुद्धा ताट परातीशेजारीच. शहर असे चिडीचूप झाले होते की व्हरांड्यात पाखराचे पंख वाजले तरी चार माणसे दचकत. दुसऱ्या दिवशी दुपारी शेषरावजींच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. पाणी थरथरत होते. हळदीचा थर काठाकडे सरकत होता.

"हाललं! मास्तर, हाललं! दमणी जुंपा रे!"

आतल्या बायका किंचाळल्या. धाकटी बहिणीवर ओणवी झाली. मी खाटेचा पाया धरला, आणि खोटे कशाला बोलू, त्या घटकेला मी सगळे पदार्थविज्ञान विसरलो होतो. सर खुर्चीतून अर्धवट उठलेले होते आणि त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर पांढरी पडली होती. पण आवाज वर्गातलाच. "थांबा. शब्द दिला व्हता, खाट मी उचलीन. पहिले दहा मोजा. शेषरावजी, तुमी मोजा."

शेषरावजी मोजू लागले. सातपर्यंत गेले आणि फाटकाबाहेरून कापसाच्या गाठींनी लादलेला ट्रक घरघरत पुढे निघून गेला. ट्रक गेला तसे पाणी निवले.

"ट्रक हाय, बाप्पा," शेषरावजी म्हणाले आणि मटकन खाली बसले. तासाभराने पुन्हा पाणी हलले. शेजारच्या खाटेवरल्या बाईची सासू ओरडत उठली, तर शेषरावजी तिच्यावरच डाफरले, "बसा व गुपचूप! काहून कालवा करून राहिल्या? मोजा पहिले, मोजा!" तीन दिवसांत सर हसलेले मी एवढ्या एकाच वेळी पाहिले.

चौथ्या दिवशी सकाळी सर परात काखेत घेऊन निघाले. त्यांना पोचवायला मी बरोबर होतो. वाटेत ते एका पारावर बसले आणि म्हणाले, "मधुकर, मी फार घाबरलो होतो." मला वाटले, ट्रकच्या वेळी. सर म्हणाले, "ग्रहांना नव्हे. त्या दवाखान्याच्या छपराला. कौलं जुनी आहेत. तीन दिवसांत माकडानं एक कौल जरी पाडलं असतं ना, तर शेषरावजींच्या नातवंडांनीसुद्धा आपल्या शब्दावर विश्वास ठेवला नसता. अन् त्यांची चूक म्हणता आली नसती." मग परात पुन्हा काखेत घेत म्हणाले, "त्यांना हसू नकोस. त्यांना लेकीची भीती होती. तुला कशाची होती, ते शोध."

पुढे थोरलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बारशाला सरांना आमंत्रण होते, मला नव्हते. कॉलेजने माझ्याकडून लेखी माफी मागितली. ज्यांची मागायची त्यांची मागून झाली होती. ज्या वरिष्ठांनी कागद पुढे केला ते स्वतः ते तीन दिवस शेतातल्या मांडवात होते, हे मी त्यांच्या तोंडावर बोललो आणि कॉलेज सोडून आलो. सर खोलीवर आले. "खरं बोललास," म्हणाले, "पण तापून बोललास, म्हणून त्यांना फक्त ताप ऐकू आला." परत जा म्हणून त्यांनी मला परोपरीने विनवले. मी ऐकले नाही. याची टोचणी मला आहे आणि ती राहणार. तरीही अकोल्याच्या रेडिओ दुकानात मला उभे केले ते सरांच्याच चिठ्ठीने.

तेव्हापासून दर महिन्याला सरांचे एक कार्ड येते. कोणता व्हॉल्व्ह गेला तर काय तपासायचे, पहाटे शुक्र कुठे दिसतो, इंटरची परीक्षा बाहेरून देता येते, असा मजकूर असतो. खाली सही आणि तारीख. एकदा शेवटी लिहिले होते: "त्या घरी पत्र लिहायचे असेल तर नाव घालून, आणि वडिलांच्या पत्त्यावर लिही." ते पत्र मी गेल्या महिन्यात टाकले. उत्तर अजून नाही. शेषरावजी माझे दुकान दिसले की रस्ता ओलांडतात, पण मागे त्यांच्या शेजाऱ्याचा रेडिओ आला तेव्हा शेजारी सांगत होता, की ते कोणाचीही अफवा ऐकली की म्हणतात, "पहिले परात मांडा."

या पावसाळ्यात सर आजारी होते. पाच आठवडे कार्ड आले नाही. मग एक दिवस पोस्टमनने दारातून हाक मारली. माझ्या हातात पान्हा होता, तो खाली पडला. मी अक्षर पाहिले नाही, पत्ता पाहिला नाही. आधी कोपरे पाहिले. एक, दोन, तीन, चार. चारही शाबूत होते. अक्षर थोडे कापरे होते, सही मात्र ठळक होती. शेषरावजींच्या उंबऱ्यात मी काय टाकले होते, ते मला तेव्हा, त्या दारात उभे राहून कळले.

सर, साठ वर्षे झाली म्हणून हा सोहळा आहे. माझे मागणे लहान आहे. काकूंचे हात बरे होवोत, आपली खुर्ची पक्क्या छताखाली असो, आणि मी म्हातारा होईपर्यंत दर महिन्याला मला आपले कार्ड येत राहो. मी दारातच चारही कोपरे मोजून घेईन आणि मग घरात नेईन.

आपण शिकवल्याप्रमाणे खाली सही करतो.

मधुकर वानखडे
अकोला