परमिटेड म्हणजे कुणाच्या परवानगीने?

करीम गुरुजी आमच्याकडे चहाला आले, की आधी बिस्किटाचा पुडा मागून घेत. चष्मा कपाळावर ढकलून, खिशातलं भिंग काढून वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचत. तोवर चहावर साय धरलेली असे.

"परमिटेड इमल्सिफायर लिहिलंय, प्रोफेसर. परमिटेड! परमिट दिलं कुणी? सरकारने. वरच्याला विचारलं का कुणी?"

मग ते नुसताच चहा पीत.

धुळ्याच्या उर्दू शाळेत आयुष्यभर गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो आणि त्यांच्या समोरच राहायचो. नव्वदच्या आसपास आखातात नोकरीला असलेल्या त्यांच्या भाच्याने एक यादी पाठवली. खाण्याच्या वस्तूंत जी द्रव्यं घालतात त्यांचे सांकेतिक आकडे, आणि पुढे हलाल की हराम. यादी कुणी केली, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. झेरॉक्सची झेरॉक्स होत गेल्याने तिच्यातला तीन आणि आठ ओळखू येत नसे. तिनाचा आठ करणाऱ्या पोरांना गुरुजींनी जन्मभर ओणवं उभं केलं. या यादीपुढे मात्र ते स्वतःच वाकले.

गुरुजींनी यादीच्या प्रती घरोघर वाटल्या आणि गल्लीत त्यांचा दबदबा वाढला. शेजारच्या सुमनअक्का पक्क्या माळकरी. त्याही पुडा घेऊन येत. "गुरुजी, येन्हामा अंडं शे का, जरा देखा ना." अंडं यादीत नव्हतं, तरी गुरुजी निकाल देत, आणि अक्का समाधानाने घरी जात.

एके दिवशी आमच्याच गल्लीतल्या युसुफच्या बेकरीबाहेर टाकलेला, पिठात घालायच्या द्रव्याचा एक रिकामा डबा त्यांच्या नजरेस पडला. त्यावर ४७१ हा आकडा होता. यादीत ४७१ पुढे ठळक अक्षरांत 'हराम'. शुक्रवारी नमाज सुटल्यावर मशिदीच्या फाटकात उभं राहून गुरुजींनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. ही गर्दी जमली! संध्याकाळपर्यंत 'युसुफच्या नानकटाईत डुकराची चरबी' इथवर बातमी पोचली. चरबी हा शब्द गुरुजींनी उच्चारलाच नव्हता.

मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, ४७१ म्हणजे तेल-पाणी एकजीव करणारं इमल्सिफायर. ते पाम तेलापासूनही बनतं, प्राण्याच्या चरबीपासूनही. नुसत्या आकड्यावरून कळत नाही."

"मग कशावरून कळतं?"

"बनवणाऱ्याला विचारून."

त्यांनी कंपनीला सुवाच्य इंग्रजीत पत्र धाडलं. इमामसाहेबांनाही भेटले. इमामसाहेब शांतपणे म्हणाले, "शंका आली तर तुम्ही खाऊ नका, गुरुजी. पण शंकेवरून दुसऱ्याची भट्टी विझवायची मुभा तुम्हाला कुणी दिली?"

उत्तर यायला दोन महिने लागले. माल संपूर्णपणे पाम तेलाचा, असं कंपनीने सही-शिक्क्यानिशी कळवलं होतं. तोवर युसुफ बेकरी बंद करून जळगावला दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला लागला होता.

पुढच्या शुक्रवारी गुरुजी पुन्हा त्याच फाटकात उभे राहिले आणि त्यांनी ते पत्र वाचलं. ऐकायला चार माणसं थांबली. त्यातल्या दोघांना चपला सापडत नव्हत्या. मग ते घरोघर जाऊन आपण वाटलेल्या याद्या परत मागू लागले. लोक हसून म्हणत, "राहू द्या गुरुजी, उगीच धोका कशाला?" सुमनअक्कांनी तर यादी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली होती.

शेवटी ते मला म्हणाले, "जळगावला चला. एकट्याने जायची हिंमत नाही."

युसुफ कोपरापर्यंत पिठात होता. गुरुजींना बघताच त्याने सवयीने सलाम केला. गुरुजींनी पत्र पुढे धरलं. "बेटा, चूक माझी होती. हे बघ, कंपनीने लिहून दिलंय."

युसुफने पत्र हातात घेतलं नाही. दुरूनच शिक्का बघून म्हणाला, "असलंच पत्र माझ्याकडे दोन वर्षांपासून आहे, गुरुजी. पहिला डबा घेतानाच मागून घेतलं होतं. मीही नमाजी माणूस आहे."

त्याने आम्हाला चहा पाजला. धुळ्याला परत यायचं मात्र नाही म्हणाला.

परतीच्या एसटीत पारोळा आल्यावर गुरुजींनी ते पत्र घडी करून खिशात घातलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "प्रोफेसर, मी मुंबईच्या कंपनीला पत्र घातलं. युसुफ माझ्या घरापासून वीस पावलांवर होता."