पाचच्या आतलं जैसलमेर

शेषराव लोणारजवळच्या सुलतानपूरचे, पण उभी हयात गेली लोणारच्या सरोवरावर. तीसेक वर्षं ते रोज सकाळी लोणार गाठायचे, आलेल्या पाहुण्यांना विवरात उतरवायचे, देवळं दाखवायचे आणि ऊन चढायच्या आत सुखरूप वर आणून सोडायचे. शनिवार-रविवारची माणसं कशी येतात हे त्यांना पाठ झालं होतं. घाई फार, पाणी कमी आणि पायात भलत्याच चपला.

गेल्या दिवाळीनंतर उतारावर त्यांचा धक्का एका पाहुण्याला लागला. माणूस डाव्या हाताला उभा होता आणि शेषरावांना तो दिसलाच नव्हता. खरचटण्यावर निभावलं, पण त्या दिवसापासून त्यांनी कोणालाच खाली नेलं नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधाच्या थेंबांवर टिकवायची, आणि उजेड उतरला की एकट्यानं बाहेर पडायचं नाही.

आठ दिवस गेले. मग मेहकरला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी त्यांची मुलगी, समीक्षा, घरी आली तेव्हा म्हणाले, "मले वाळवंट पाहाचं हाय. जैसलमेर."

"आताच काऊन, बाबा?"

खूप वर्षांपूर्वी तिकडचे एक मास्तर सरोवर पाहायला आले होते. जाताना म्हणाले होते, तुमच्याकडे नजर फिरून काठावरच येते, आमच्याकडे ती जाते ती जातच राहते. ते शेषरावांच्या मनात घर करून होतं. जन्मभर त्यांनी चहूबाजूंनी कडा असलेली जमीनच पाहिली होती.

"नजर हाय तोवर जाऊन येतो," ते म्हणाले.

समीक्षानं फोनवर माहिती काढली. शेषरावांनी वहीत जाड पेनानं दोन दिवस आखले. शनिवारी सकाळी किल्ला, पायीच चढायचा. दुपारी आराम. रविवारी उजाडताच वाळूच्या टेकड्या, दोन तास चालणं, उंट नको. बाकीचं ते खोडत गेले. समीक्षा वाचून दाखवायची त्या प्रत्येक यादीत संध्याकाळ होतीच.

"बाबा, तिथं सगळे सूर्यास्तच पाहाले जातात."

"जाऊ दे लोकाइले. पाचनंतर मले काय दिसते?"

तिनं फोन बाजूला ठेवला. मग ते म्हणाले, "दोन तिकिटं काढ. तुझं नि माझं."

शेषरावांच्या पत्नी सरस्वतीबाई दारात मेथी निवडत होत्या. त्यांनी जुडी संपवली. मग म्हणाल्या, "मले न्या असं नाही म्हणत मी. पण लोणारच्या खाली मी अजून उतरली नाही."

शेषरावांना खरंच ठाऊक नव्हतं. "कधीच नाही?"

"तुमी रोज लोकाइले नेत होते. मले कोण म्हणलं, चाल म्हणून?"

शेषरावांनी वही मिटली. 

पुढच्या रविवारी ते सरस्वतीबाईंना सरोवरावर घेऊन गेले. पायऱ्या त्यांच्या पायांना ओळखीच्या होत्या, पण सरस्वतीबाई त्यांच्या डाव्या बाजूनं चालल्या आणि दोनदा म्हणाल्या, "इथं दगड हाय." पहिल्यांदा त्यांच्या मनाला ते लागलं. दुसऱ्यांदा त्यांनी बायकोचा हात धरला. खाली पाण्याजवळ त्या दगडावर टेकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. सवयीनं शेषराव सांगू लागले, आभाळातून दगड पडला, हजारो वर्षं झाली, आणि मधेच थांबले.

"थांबले काऊन? सांगा ना."

मग त्यांनी सगळं सांगितलं. हजारदा सांगितलेलंच होतं. चढताना सरस्वतीबाई सहा-सात ठिकाणी थांबल्या. वर आल्यावर पदरानं तोंड पुसत त्यांनी विचारलं, "तिकडचा किल्ला याच्याहून उंच हाय का?"

"नाही."

"मंग मी येते."

तिसरं तिकीट निघालं. दोन दिवसांनी सरस्वतीबाईंनी अजून एक मागणं घातलं. "एक सांज तरी पाहू द्या मले तिथली."

"मी काय करू तवा?"

"बसा बाजूले."

रागानं ते अंगणात जाऊन उभे राहिले. परत आले, वही उघडली आणि शनिवारच्या खाली, खोडलेल्या ओळींखाली लिहिलं, 'पाच ते सात, सरस्वती.'

जानेवारीत तिघं गेले. किल्ला चढले. संध्याकाळी सरस्वतीबाई वाळूत बसून सूर्य बुडेपर्यंत बघत राहिल्या. शेजारी शेषरावांना आधी पिवळट डाग आणि मग नुसता करडेपणा दिसला. काय दिसतं हे त्यांनी विचारलं नाही आणि सरस्वतीबाईंनीही सांगितलं नाही. परतताना समीक्षानं त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

रविवारी सकाळी ते पायीच टेकड्यांवर गेले. सर्वांत उंच टेकडीवर शेषराव उभे राहिले. डोळ्यांच्या कडांना आता काही दिसत नसल्यामुळे त्यांना मान हळूहळू वळवावी लागत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठेच कड लागली नाही. पुन्हा पहिल्यापासून त्यांनी मान वळवली.

त्यांना पायथ्याशी आणून सोडलेल्या जीपवाल्यानं खालून हॉर्न दिला.

"झालं का पाहून?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"नाही अजून."

समीक्षा उतरून गेली आणि जीपवाल्याला अर्धा तास थांबायला सांगून आली.