पांढरी चकती

नंदाताई दगड इतका पातळ घासतात की त्यातून उजेड आरपार जातो. तेलाच्या विहिरीतून, फार खोलवरून आलेल्या चुनखडीच्या अशा चकत्या आमच्या प्रयोगशाळेत त्याच करतात. दगडातल्या भोकांत निळा रंग भरतात, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली मोकळी जागा चटकन दिसते.

आज एकाच विहिरीतल्या दोन चकत्या पाहिल्या. एकीत निळ्या ठिपक्यांची नुसती गर्दी. दुसरी पांढरीफटक.

"ताई, हिच्यात रंग भरायचा राहिला का?"

"दोन्हींत भरलाय हो. पण शिरायला जागा नको? पहिल्या दगडात तेल वेळेवर पोचलं, म्हणून भोकं राहिली. हिच्यात ते येईपर्यंत पाण्यातल्या चुन्यानं सगळं बुजवून टाकलं."

हे मी अहवालांत कितीदा तरी लिहिलंय. तरी आज खुर्चीत बसवेना. आई गेल्यापासून अण्णा गावी एकटे असतात. आधी फोनवर तासभर बोलायचे, रागवायचेसुद्धा. मग पाच मिनिटं. आता "बरं आहे" म्हणतात आणि ठेवून देतात. मी दर वेळी सांगतो, एवढा अहवाल झाला की येतो. हल्ली ते "कधी?" विचारत नाहीत.

मी पांढरी चकती पुन्हा लावली. भिंग बदललं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश सरकवत गेलो.

"जेवायला चला," डबा उघडत ताई म्हणाल्या. "तिच्यात काही नाही, मी पाहिलंय."

"एकच मिनिट," म्हणालो, आणि पुन्हा पहिल्या कडेपासून सुरुवात केली.