गाभडलेल्या गाईंच्या थूल मॅडम

थूल मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या गोठ्यात होत्या आणि मी गोठ्याबाहेर. हिंगणीच्या आमच्या घरात मला गोठ्यात जायची बंदी होती. आमची चंद्री गाय लागोपाठ दोनदा गाभडली होती, आणि मधल्या काळात माझाही गर्भ गेला होता. सासूबाईंना तेवढं पुरलं. माझी सावली गाईला बाधते, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. चंद्री तिसऱ्यांदा गाभण होती. ती पुन्हा गाभडली तर मला कायमचं माहेरी, रोहण्याला धाडायचं, हेही ठरलं होतं.

डॉ. शकुंतला थूल वर्ध्याहून गाईंच्या रक्ताचे नमुने घ्यायला आल्या होत्या. निओस्पोरा नावाच्या परजीवीमुळे गाई गाभडतात. त्याच्याशी गाईचं शरीर कसं लढतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. त्यांच्या साठीच्या या अंकात विद्वान मंडळींनी त्यावर लिहिलं असेलच. मी पडले गावातली पशुसखी, घरोघरची गुरं बघत फिरणारी. मी आपलं गोठ्यातलंच लिहिणार.

चंद्री मॅडमना हात लावू देईना. "हिले रोज कोण धरते?" त्यांनी विचारलं. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं, तशा सासूबाई कडाडल्या, "तिले नका बोलावू! तिच्यापायीच गाय गाभडून राह्यली."

मॅडम मूळच्या समुद्रपूरच्या, त्यामुळे बोली आमचीच. "मावशी, मले रक्त तपासू द्या अगोदर. मंग कोणाच्यापायी ते पाहू," म्हणाल्या आणि त्यांनी मला हाक मारली. कित्येक दिवसांनी मी चंद्रीच्या मानेला हात लावला. रडूच फुटलं हो मला.

पुढच्या खेपेला त्या निदान घेऊन आल्या. (मॅडम म्हणतात त्यांना स्कूटी चालवता येते. आमच्या गावच्या कोंबड्यांना विचारा!) चंद्रीच्या रक्तात त्या परजीवीशी लढल्याच्या खुणा सापडल्या होत्या. अंगणात बसून त्यांनी सांगितलं, "पोटात वासरू असलं का गाईचं शरीर जरा नमतं घेते. नाईतं वासरालेच परकं समजून काढून टाकीन. तेवढ्यात हा जंतू डोकं वर काढते. मंग शरीर जोरात लढलं, तरी मार वासराच्या वारेलेच बसते, अन् वासरू पडते. यात गाईचा दोष नाई अन् सुनेचाबी नाई."

"मंग या खेपेले राहीन का वासरू?" सासूबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाई, मावशी."

मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि हात जोडले, "राहीन म्हणा ना, मॅडम. माह्या संसाराचा सवाल आहे." मॅडमचे डोळे भरले, पण त्या म्हणाल्या, "आज खोटं बोलली, अन् गाय गाभडली, तं माह्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवीन?" तेव्हा त्यांचा असा राग आला मला! आज मी कुणाच्या दारात 'सांगता येत नाही' म्हणते, तेव्हा समजतं की किती जड वाक्य आहे ते.

चंद्री गाभडलीच. यजमानांनी फोन केला. भर दुपारी मॅडम आल्या, त्यांनी नमुने घेतले आणि परसात स्वतः खड्डा खणायला लागल्या. वार उघड्यावर पडली की कुत्री खातात, कुत्र्यांच्या विष्ठेतून रोग चाऱ्यात येतो, म्हणून खोल पुरायची, हे खणता खणताच सांगत होत्या. मग सहज विचारलं, "मागची वार कुठं टाकली होती?"

दोन्ही वेळा ती उकिरड्यावर टाकली होती, सासूबाईंनीच. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता मॅडम त्यांना धारेवर धरणार. खरं सांगते, मला तेच हवं होतं.

मॅडमनी फावडं खाली ठेवलं आणि सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमाले कोणी सांगतलंच नोतं, मावशी. एका बाईवरचा दोष काढून दुसरीवर टाकाले मी नाई आली."

सासूबाई तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडल्या. मग त्यांनी स्वतः फावडं उचललं आणि मला म्हणाल्या, "गाय कवाची हंबरून राह्यली. तू इथं काऊन उभी आहे? जाय तिच्यापाशी."

रोहण्याला मी आता सणावारालाच जाते.

मॅडम, या रोगावर खात्रीचा उपाय अजून हाती लागायचा आहे. तो तुमच्या हातून लागो, गुडघे कुरकुरू नयेत, नजर अशीच साफ राहो आणि शंभरीपर्यंत तुमचे पाय गावोगावच्या गोठ्यांना लागोत. अजून कितीतरी घरांत एखादी सून गोठ्याबाहेर उभी आहे.