सर्व्हर कोण सांभाळणार?

आमच्या घरात सर्व्हर आला तो नवऱ्याच्या रागातून. फोटो ठेवायची फुकटची जागा संपली, आता दर महिन्याला पैसे भरा, असा संदेश त्याच्या फोनवर आला आणि तो जेवताजेवता उसळला. "फोटो आपले, आणि ते बघायला भाडं यांना द्यायचं?"

तेव्हा मलाही त्याचं म्हणणं पटलं होतं, हे आधीच सांगून टाकते. पुढच्या शनिवारी त्याने कंपनीने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर आणला, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या आणि हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवून दिला. तिथे माझा कपबशांचा सेट होता. तो खोक्यात बसून माळ्यावर गेला. मला कुणी विचारलं नाही.

दिवसरात्र चालू राहणारा घरचा कॉम्प्युटर, एवढाच त्या सर्व्हरचा अर्थ. घरच्यांचे फोटो, कागदपत्रं सगळं त्यात, आणि आपण कुठेही असलो तरी फोनवर दिसतं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं: नवरा, सासूबाई आणि मी. नणंद जवळच आनेकलला राहते, तिला सगळे अक्का म्हणतात, आणि ती नवऱ्याला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणते. नवऱ्याने अक्कांच्या घरचे फोटो आणि कागदही त्या सर्व्हरवर आणून बसवले. ही मंडळी बंगळुरात कित्येक पिढ्यांपासूनची, मराठीत कन्नड मिसळून बोलणारी. मी निपाणीकडची, इथल्या एका शाळेत गणित शिकवते. धूळ पुसायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. "फक्त वायरींना हात लावू नको," अशी सूचना त्याबरोबर मिळाली.

एका रविवारी त्याने सासूबाईंच्या तपासण्यांची पिशवी काढली. हृदयाचे कागद, रक्ताचे कागद, सगळं स्कॅन केलं आणि पिशवी रद्दीत टाकायला निघाला.

"अरे, राहू दे की," मी म्हटलं. "कधी लागले तर?"

"लागले तर सर्व्हर आहे ना! कागद कशाला जपायचे?"

पिशवी गेली. काही महिन्यांनी कंपनीने त्याला जर्मनीला पाठवलं. निघताना मी त्या कपाटाकडे बोट दाखवून विचारलं, "आणि याचं काय?" तो हसला. "त्याचं काय? तो आपोआप चालतो."

तो गेल्यावर पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी शाळेत फोन आला. शेजारच्या बाई बोलत होत्या. सासूबाईंना दम लागत होता, म्हणून त्या बाईंनीच त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. मी वर्ग दुसऱ्या बाईंवर सोपवून रिक्षाने पोचले. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. "स्वल्प दम लागतोय गं, बाकी काही नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी नुकताच काढलेला हृदयाचा आलेख हातात धरला होता. "यात थोडा फरक दिसतोय. पण तो जुना आहे की आत्ताचा, हे मागचे रिपोर्ट बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आहेत ना?"

"आहेत," म्हणत मी फोन काढला. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. मग आलं: संपर्क होत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. सुशिक्षित घरातली सून, आणि सासूचा एक कागद जवळ नाही. मला शरमेने मान वर करवेना, आणि ती शरम माझी नव्हती, याचाच जास्त राग येत होता.

शेजारच्या बाईंना सासूबाईंजवळ बसवून मी घरी आले. आमच्या इमारतीत सकाळपासून वीज ये-जा करत होती, असं वॉचमनने सांगितलं. वीज गेली की सर्व्हर सांभाळायला खाली एक बॅटरीचा डबा होता. त्याची बॅटरी मेली होती. ती बदलायला हवी, हे नवरा जायच्या आधी स्वतःच दोनदा म्हणाला होता. म्हणाला होता, बदलली नव्हती.

नवऱ्याला फोन लावला. त्याने तो कापला आणि "मीटिंगमध्ये आहे" असा संदेश पाठवला. इंटरनेटवाल्यांना लावला. तिथला माणूस हिंदीत म्हणाला, "मैडम, घर में सर हैं? उनसे बात कराइए." मी म्हटलं, सर नाहीत, माझ्याशी बोला. "तो सर आ जाएँ, फिर कॉल कीजिए," म्हणून त्याने ठेवून दिला.

मग नवऱ्याचा पुण्याचा एक मित्र आठवला. घरी असले सर्व्हर ठेवणाऱ्यांचा त्यांचा एक ग्रुप आहे. दर शनिवारी तासन्‌तास फोनवर बोलतात. मी सगळं सांगितलं. दवाखान्याचंही सांगितलं.

"वहिनी, तुम्ही प्लीज काही करू नका हं," तो म्हणाला. "चुकीचं बटण दाबलंत तर सगळा डेटा जाईल. त्याला मला फोन करायला सांगा."

"भाऊजी, सासूबाई दवाखान्यात आहेत."

"हो, पण तरी रिस्क नको ना."

रिस्क! मी फोन ठेवून दिला. रोज चाळीस मुलांना वर्गमूळ शिकवणारी बाई मी. माझ्या घरातल्या, माझ्या कपाटातल्या यंत्राला मी हात लावायचा नाही, आणि पुण्यात बसलेल्या माणसाने मला ते सांगायचं!

वीज आता आली होती. सेट-टॉप बॉक्सची वायर काढून मी टीव्ही सर्व्हरला जोडला, कपाटातला कीबोर्डही लावला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. पहिल्यांदा वायर ओढून काढावीशी वाटली. मग ती वाचायला लागले. मुलांना मी रोज हेच सांगते, घाबरायच्या आधी प्रश्न पूर्ण वाचा. सरळ इंग्रजीत लिहिलं होतं की वीज अचानक गेल्यामुळे डिस्कवरच्या नोंदींत गडबड झाली आहे, ती तपासणी हाताने सुरू करावी लागेल, आणि त्यासाठी पासवर्ड द्या. कोणती आज्ञा द्यायची तेही लिहिलं होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"काय झालं? फोन केला होतास?"

"पासवर्ड सांग."

"कशाचा? सर्व्हरचा? तू नको करू. मी संध्याकाळी निवांत बघतो."

"आई दवाखान्यात आहेत. डॉक्टरांना रिपोर्ट हवेत. तुझी पिशवी रद्दीत गेली. पासवर्ड सांग."

त्याने एकेक अक्षर सांगितलं आणि त्याला पुन्हा मीटिंगला बोलावलं गेलं. बाकीचं मी केलं. आज्ञा लिहिली, बटण दाबलं. अक्षरांच्या ओळी भराभरा वर सरकू लागल्या आणि मी तिथेच जमिनीवर बसून त्या बघत राहिले. डेटा गेला तर सगळे मला काय काय म्हणतील, हे सगळं मनात म्हणून झालं. सरकणं थांबलं. यंत्र बंद पडून परत सुरू झालं, आणि फोनवर सासूबाईंच्या तपासण्या दिसायला लागल्या.

खालच्या दुकानातून त्यांच्या छापील प्रती काढल्या आणि दवाखान्यात पळाले. डॉक्टरांनी जुना आणि नवा आलेख शेजारी ठेवला. "जुनंच आहे हे," ते म्हणाले. "हृदय ठीक आहे. रक्त कमी झालंय, त्यामुळे दम लागतोय." गोळ्या लिहून दिल्या आणि संध्याकाळी आम्ही घरी आलो.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती सांगत बसले नसते. रात्री जेवणं होताहेत तोवर अक्कांचा फोन आला. सासूबाईंनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"बघ अम्मा," अक्का म्हणत होत्या, "आपला तम्मा जर्मनीत बसून सर्व्हर नीट करून दिला! केवढं डोकं त्याचं!"

"हो गं," सासूबाई म्हणाल्या. "पोरगा लांब असला तरी त्याचं सगळं लक्ष इकडेच."

माझा घास हातातच राहिला. त्या दोघींवर मी काय रागावणार? त्यांना तसं सांगितलं होतं. कुणी सांगितलं होतं, तेही मला त्याच रात्री कळलं. घरच्या ग्रुपवर नवऱ्याने लिहिलं होतं: "सर्व्हर पडला होता, आता चालू केला आहे."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर तो दिसला तेव्हा मी आधी तेच विचारलं. "चालू कुणी केला?"

"अगं, म्हणजे आपण केला. मी पासवर्ड दिला, तू टाइप केलंस. इतकं काय चिडायचं?"

"वॉचमनने किल्ली दिली म्हणून स्वयंपाक वॉचमनने केला असं म्हणतोस का?"

तो हसायला लागला, आणि मी हसत नाही हे बघून थांबला. म्हणाला, "बरं, चुकलं. पण आपला डेटा आपल्या हातात असावा, एवढंच मला हवं होतं." मी विचारलं, कुणाच्या हातात? धूळ मी पुसायची, वीज गेली की धावायचं मी, शिव्या खायच्या मी, आणि दार उघडायचा अधिकार तेवढा तुझा. यापेक्षा त्या कंपनीला भाडं दिलेलं काय वाईट? ते लोक निदान माझ्या कपबशा तरी माळ्यावर टाकत नाहीत.

त्याने ग्रुपवर खरं काय झालं ते लिहिलं, पण त्या संदेशाखाली सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि विषय संपला. राग असा संपत नाही. मी नवी बॅटरी आणली, ती बसवली, सासूबाईंच्या सगळ्या तपासण्यांच्या छापील प्रती काढून फाइलमध्ये लावल्या आणि सर्व्हरवर माझं स्वतःचं, सगळे अधिकार असलेलं खातं उघडलं.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला विचारलं, आमचे हे सर्व्हर घेऊ म्हणताहेत, घ्यावा का? मी म्हटलं, घ्या, चांगली वस्तू आहे. पण हे घरात नसताना तो बंद पडला तर कोण बघणार, ते आधी विचारा. तुम्ही बघणार असाल तर तुमच्या नावाने घ्या. नाहीतर भाडं भरा.

नवरा परत आला तो नवी कल्पना घेऊन. आपल्या सर्व्हरची दुसरी प्रत अक्कांच्या घरी ठेवायची, म्हणजे इकडे काही झालं तरी तिकडे सगळं शाबूत. कल्पना चांगली होती. मी म्हटलं, ठेवू, पण ते शिकवायला मी जाणार, आणि मी अक्कांना शिकवणार.

आनेकलच्या त्या घरात यंत्र जोडून झालं तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या. "मला नको गं ते. यांना सांग, यांना कळतं." त्यांचे यजमान सोफ्यावरून सरसावून उठलेही. मी खुर्ची ओढली आणि अक्कांच्या हाताला धरून त्यांना बसवलं. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा म्हटलं. त्या कन्नड शाळेत शिकलेल्या, इंग्रजी अक्षरं जोडत जोडत वाचू लागल्या. दुसऱ्या ओळीवर यजमानांनी चहा मागितला.

"स्वल्प थांबा," अक्का पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, आणि तिसरी ओळ वाचायला लागल्या.