तुळशीचं जेवण

आमच्या लालबागच्या चाळीसमोर टॉवर उभा राहिला आणि गॅलरीतलं ऊन गेलं. उरलं ते फक्त टोकाच्या खोलीपुढे. त्या खोलीतल्या काकूंशी आईचा अबोला. का, तर आमच्या वाळत घातलेल्या बोंबलांना त्यांनी नाक मुरडलं होतं. आईला स्वतःला नावं ठेवलेली चालली असती, बोंबलांना नाही.

डब्यातली आमची तुळस पिवळी पडत चालली. दिवाळीनंतर तिचं लग्न, आणि नवरीच जगते की नाही, या काळजीने आई अर्धी झाली. तिच्याकडे उपाय एकच, खायला घालणं. तांदळाचं धुवण झालं, चहाचा चोथा झाला, एकदा तर पेज ओतली. बाबांनी वेगळीच शक्कल लढवली. गणपतीच्या डेकोरेशनचा जुना हॅलोजन माळ्यावरून काढला आणि तुळशीच्या तोंडावर लावला. एका बाजूची पानं करपली.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. दुपारी जेवताना म्हटलं, "आई, मुळं नुसतं पाणी नि क्षार ओढतात गो. तिचं अन्न पानांत शिजतं, हवा-पाण्यावर. आणि ऊन नसेल तर तिची चूलच पेटत नाही."

आईने हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे आमी हिच्यासमोर जेवतव, आणि ही उपाशी?"

इतकी वर्षं शिकवतेय, पण हा धडा वर्गात कुणाला असा लागला नाही.

हात धुऊन तिने डबा उचलला आणि टोकाच्या खोलीची कडी वाजवली. "हिला तेवढी तुमच्या उन्हात ठेवा," एवढंच म्हणून परतली. मग रोज पाणी घालायला जायची; आधी तोंड फिरवून, पुढे पुढे चहाला थांबून. तुळस पालवली. आमचं दुपारचं जेवण मात्र लांबायला लागलं.

लग्नाच्या संध्याकाळी काकूंच्या दारात ऊस बांधले, बाबा अंतरपाट घेऊन उभे राहिले, आणि कन्यादानाला बसायचं कुणी यावर घोडं अडलं. काकू म्हणाल्या, "मुलगी तुमची, तुम्हीच बसा." आई काही केल्या पाटावर बसेना.

"मी नुसतं पाणी पाजलं हो," ती म्हणाली. "जेवली ती तुमच्या दारात."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला, तिचा दंड धरला आणि तिला खाली ओढलं. एका पाटावर दोघी मावत नव्हत्या, तरी बसल्या.