नकार देणारी फाईल आणि तिसरी हाक

भूतखेत, चकवा... यातलं मी काही मानत नाही. संगणक सांगाल तेवढंच करतो, यावर माझं पोट चालतं. म्हणूनच हे जसं घडलं तसं लिहून ठेवतोय.

आम्ही पोंभुर्ण्याला राहतो. घरच्या संगणकावर सासूबाईंचं एकच रेकॉर्डिंग होतं – तळ्यावरून थोरल्या मुलीला, यमुनाबाईंना, मारलेल्या दोन हाका. सासूबाई उन्हाळ्यात गेल्या. यमुनाबाई जिवतीहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हे घडलं त्या दिवशी त्या फक्त आईचा आवाज ऐकायला आल्या होत्या. परतीची बस तीनची.

आणि मी सकाळीच घोळ करून ठेवलेला! लॉगिन करणारा माणूस खरा की खोटा, हे ठरवणारं स्वतःचं मॉड्यूल मी सी भाषेत लिहीत होतो. बायको हसली होती, "आमच्याकडं पयल्या दोन हाकेले कोनी ओ देत नाई. चकवा तिसरी हाक मारत नाई म्हनतेत. तुमचंबी तसंच होय का?"

तपासणीचा भाग लिहायचा राहिला होता. तोवर फंक्शनमध्ये एकच ओळ – कोणीही येवो, नकार. कंपाइल करून झालेली शेअर्ड लायब्ररी, म्हणजे लॉगिनच्या वेळी संगणक जिला विचारतो ती .so फाईल, मी जागेवर टाकली... आणि लाइट गेली. परतीची वाट म्हणून उघडं ठेवलेलं रूटचं, म्हणजे सर्वाधिकाराचं, टर्मिनलही गेलं. लाइट आल्यावर संगणक मलाच ओळखेना. दुरुस्तीचा पेनड्राइव्ह चंद्रपूरच्या ऑफिसात.

"काऊन भाऊजी, आईनं दार लावून घेतलं का?" यमुनाबाईंनी सपरीतून, म्हणजे बाहेरच्या ओसरीतून, विचारलं. आवाज हसरा होता, पण नजर रस्त्यावर. बसची वेळ होत आली होती.

पासवर्ड टाकला. नकार. पुन्हा टाकला. नकार. मी हात मागे घेतले. 'आज नाही जमणार' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून यमुनाबाई ओरडल्या –

"ओ! आली वं माय!"

आणि समोर डेस्कटॉप उघडला.

कीबोर्डवर कोणाचाच हात नव्हता. स्पीकरची वायर निघालेली होती. बायको माझ्या खांद्याशी उभी होती. तिनेही काही ऐकलं नव्हतं.

आधी रेकॉर्डिंग मोबाइलवर घेतलं, मग लावलं. यमुनाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "अन् तिसरी?"

"दोनच आहेत, बाई," मी म्हणालो.

"मी तिसरीले ओ देल्ली नं!"

नंतर पेनड्राइव्ह आणून ती .so फाईल उकलून ओळ न् ओळ वाचली. होकाराला त्यात वाटच नाही. मॉड्यूल तसंच ठेवलंय. पासवर्ड आजही टाकून पाहतो – नकार. कारण मला सापडलेलं नाही.

यमुनाबाईंना फोनवर हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन तं कोनीबी मारते, भाऊजी."